तडीपाराची सुनावणी

संध्याकाळीं सहाच्या सुमारास हिंजवडीच्या शिवाजी चौकांत क्षणभर उभें राहिलें, तर एक मौजेचा देखावा दृष्टीस पडतो. संगणकाच्या कंपन्यांतून सुटलेल्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनीं पुढें सरकत असते. ज्या गांवांत चैत्री पौर्णिमेच्या सुमारास म्हातोबाचें बगाड निघतें, त्याच गांवाच्या रस्त्यावर रोज सायंकाळीं ही दुसरी यात्रा भरते. गाडींत बसलेली तरुण मंडळी एकमेकांशीं बोलत नाहींत. प्रत्येकाच्या कानांत एक चिमुकलें यंत्र असतें आणि प्रत्येक जण आपल्या स्वतंत्र सभेंत बसलेला असतो. कोणी अभंग ऐकतो, कोणी व्याख्यान ऐकतो. परंतु त्यांतच कोथरुडच्या किंवा सदाशिव पेठेच्या एखाद्या सुशिक्षित घरांतला मुलगा असा दिसतो, कीं ज्याचीं बोटें गुडघ्यावर एक निराळाच ठेका धरीत असतात. त्याच्या कानांत जो आवाज घुमत असतो, तो हिंजवडीपासून वीसेक किलोमीटरांवरील पुणें स्टेशनालगतच्या ताडीवाला रस्त्यावर वाढलेल्या एका मुलाचा. हा आवाज दारावर आला असतां, तर घरच्या वडील मंडळींनीं त्याला उंबरठ्यावरूनच परत लाविलें असतें. पण त्यानें उंबरठ्याची परवानगी मागितलीच नाहीं. तो परस्पर कानांत येऊन बसला.

ह्या मुलाचें नांव अल्ताफ शेख. त्याचा जन्म 1999 सालचा. गाण्याच्या जगांत तो एम. सी. स्टॅन ह्या नांवानें ओळखला जातो, आणि 2020 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या गीतसंग्रहाचें नांव आहे ‘तडीपार’. अशा संग्रहाला आजची मंडळी अल्बम म्हणतात. आजच्या भाषणाचा विषय हाच अल्बम आणि त्याचें हें नांव. कारण ह्या एका शब्दांत गाणाऱ्याची फिर्याद आहे, आणि आपल्यासारख्या श्रोत्यांवर एक जबाबदारीहि आहे.

तडीपार हा शब्द आपल्या पूर्ण परिचयाचा आहे. तड किंवा तडी म्हणजे कांठ, तीर. कांठाच्या पलीकडे घालवून दिलेला तो तडीपार. ज्याच्या वास्तव्यानें वस्तीला उपद्रव होतो असें अधिकाऱ्यांस वाटतें, त्याला ठराविक हद्दीबाहेर काढण्याचा अधिकार 1951 सालच्या मुंबई पोलीस कायद्यानें दिलेला आहे. हाच कायदा आतां महाराष्ट्र पोलीस कायदा ह्या नांवानें चालतो. त्याच्या 55, 56 आणि 57 ह्या कलमांखालीं असे हुकूम निघतात, आणि हुकमाची मुदत दोन वर्षांपलीकडे जाऊं शकत नाहीं. परंतु ह्याच कायद्याचें 59 वें कलम फार मोलाचें आहे. हुकूम काढण्यापूर्वीं त्या इसमास त्याच्यावरील आरोपांचें स्वरूप लेखी कळविलें पाहिजे, आणि त्याला आपलें म्हणणें मांडण्याची वाजवी संधि दिली पाहिजे, असें तें सांगतें. म्हणजे ज्याला हद्दपार करावयाचें, त्याचीहि सुनावणी केल्यावांचून सरकारला त्याला घालवितां येत नाहीं. सरकारवर जें बंधन आहे, तें आपल्या सुशिक्षित घरांवर मात्र नाहीं. तेथें हुकूम एका वाक्यांत सुटतो: ‘बंद कर तो गोंगाट!’

ताडीवाला रस्ता ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना ह्या नांवांतलें मर्म थोडें अधिक उमगेल. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठेचें पात्र, आणि त्या दोहोंच्या बेचक्यांत दाटीनें वसलेल्या वस्त्या. ‘ताडीवाला’ आणि ‘तडीपार’ ह्या शब्दांचा व्युत्पत्तीच्या दृष्टीनें कांहींएक संबंध नाहीं. पण कानाला तो भासतो, आणि भूगोलाकडे पाहिलें तर तो खराहि वाटूं लागतो. नदीच्या तडीवर, शहराच्या मध्यभागीं असूनहि शहराच्या हिशोबांत नसलेली अशी ही वस्ती आहे. पुण्याबाहेरून येणारा प्रत्येक प्रवासी स्टेशनांत उतरतो. त्यांतला क्वचित् एखादाच त्या रस्त्याकडे वळतो.

आतां ज्या प्रकारचें गाणें हा मुलगा गातो, त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ह्या प्रकाराला रॅप म्हणतात. यांत स्वरापेक्षां शब्दाला आणि शब्दापेक्षां शब्दाच्या आघाताला महत्त्व असतें. ठेक्याच्या चौकटींत यमकांची माळ गुंफीत, बोलणें आणि गाणें यांच्या सीमेवरून गायक धांवत जातो. ज्या मोठ्या परंपरेंतून हा प्रकार आला, त्या हिपहॉपचा आरंभ 11 ऑगस्ट 1973 ह्या दिवसापासून मोजण्याचा प्रघात आहे. त्या रात्रीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स विभागांत, सेजविक ॲव्हेन्यूवरील 1520 क्रमांकाच्या इमारतींत, एका मुलीनें शाळेच्या नव्या वर्षासाठीं चार पैसे जमावेत म्हणून एक समारंभ केला. तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्बेल, ज्याला डी. जे. कूल हर्क म्हणत, तबकड्या वाजवीत होता. हें कुटुंब जमेकांतून आलेलें. त्याच्या ध्यानांत आलें होतें कीं, गाण्यांतले शब्द थांबून नुसता ढोल वाजूं लागला, म्हणजे नाचणारांना खरा हुरूप येतो. म्हणून त्यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तेवढाच तुकडा लांबवीत नेण्याची युक्ति काढली. त्या लांबलेल्या ठेक्यावर कोणी चार शब्द टाकले, आणि एक नवी कला जन्मास आली. तिला ना सभागृह होतें, ना कोणा राजाचा आश्रय.

ह्या कलेंत आरंभापासून दोन कामें आहेत. एक शब्द बोलणाऱ्याचें आणि दुसरें ठेका रचणाऱ्याचें. ह्या दुसऱ्याला प्रोड्यूसर म्हणतात. चित्रपटाचा निर्माता पैसा घालतो. हा निर्माता नाद घालतो. पोवाड्यांत शाहिराचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें आणि मागें डफ-तुणतुणें धरणाऱ्याला कोणी विचारीत नाहीं, तशीच कांहींशी स्थिति येथेंहि आहे. परंतु डफ वगळून पोवाडा म्हणून पाहावा, म्हणजे त्या मागच्या माणसाची किंमत कळते. अल्ताफ शेखच्या ठिकाणीं हीं दोन्ही कामें एकत्र आलीं आहेत. तो शब्द रचतो, आणि आपले ठेके आपणच बांधण्याविषयींहि त्याची ख्याति आहे. त्यानें लहानपणीं कव्वाली गाइली, असें त्याच्याविषयीं सांगतात. तसें असेल तर ठेक्यावर शब्द तोलण्याचें पहिलें शिक्षण त्याला ह्याच मातींत मिळालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा नाद कशाचा बनलेला असतो, तेंहि जाणून घेण्यासारखें आहे. जपानच्या रोलंड कंपनीनें 1980 सालीं ‘आठशें आठ’ ह्या क्रमांकाचें एक ढोल-यंत्र बाजारांत आणिलें. त्याचा आवाज खऱ्या ढोलासारखा वाटत नाहीं अशी ओरड झाली, आणि 1983 सालीं तें बंदहि पडलें. मग तीं टाकाऊ यंत्रें जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळूं लागलीं, आणि ज्यांच्यापाशीं पैसा नव्हता त्या वादकांनीं तीं उचललीं. त्यांतून निघणारा खोल, लांबत जाणारा खर्ज आज जगभरच्या ह्या संगीताचा पाया होऊन बसला आहे. दुसरें साधन म्हणजे आवाजाचा सूर आपोआप नेमका करणारी ‘ऑटोट्यून’ ही योजना. ती 1997 सालीं अँडी हिल्डेब्रँड ह्या अमेरिकन गृहस्थानें सिद्ध केली. हे गृहस्थ पूर्वीं भूगर्भांत ध्वनिलहरी सोडून तेलाचे साठे हुडकण्याच्या गणितांत पारंगत होते. तेंच गणित त्यांनीं माणसाच्या कंठाला लाविलें. स्टॅनच्या गाण्यांत जो एक धातूसारखा, कांहींसा रडवेला झंकार ऐकूं येतो, तो ह्या योजनेचा. आणि हीं सगळीं साधनें आतां एका साध्या संगणकांत मावतात. ज्या यंत्रावर हिंजवडींतला अभियंता परदेशच्या पेढीचे हिशेब लावतो, तशाच यंत्रावर स्टेशनामागच्या खोलींतला मुलगा ढोल बांधतो. यंत्र एक, एकाला त्यानें मासिक वेतन मिळतें आणि दुसऱ्याला बोलण्याची जागा.

अशा गाण्यांस भूमिगत संगीत म्हणण्याची रीत आहे. नभोवाणीच्या श्रोत्यांस हा शब्द ऐकतांच 1942 साल आठवावें हें स्वाभाविक आहे. त्या वर्षीं 27 ऑगस्टपासून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईंत जागा बदलीत बदलीत काँग्रेस रेडिओ चालवीत होते. 12 नोव्हेंबरला पोलिसांनीं त्यांना पकडिलें. ते भूमिगत झाले, कारण सरकार त्यांचा आवाज ऐकूं देत नव्हतें. आजच्या ह्या गायकांस लपावें लागत नाहीं; तरी भूमिगत हा शब्द त्यांना वेगळ्या अर्थानें शोभतो. कोणी मोठी कंपनी पाठीशीं नाहीं, चित्रपटाचा आधार नाहीं, मैफलीचें आमंत्रण नाहीं. गाणें आपणच रचावें, आपणच मुद्रित करावें आणि इंटरनेटच्या वाऱ्यावर सोडून द्यावें, असा हा उद्योग. ‘तडीपार’ हा अल्बम अशा वाटेनें आला. त्यापूर्वींच पुण्याच्या आणि मुंबईच्या वस्त्यांत हा मुलगा मुलांच्या तोंडीं झाला होता. पांढरपेशा घरांतल्या थोरांना मात्र त्याची गंधवार्ता नव्हती.

आतां त्याच्यावरील आरोप. ते पुष्कळ आहेत, आणि सगळेच खोटे आहेत असें म्हणतां येणार नाहीं. ह्या गाण्यांत शिव्या आहेत आणि त्या मुबलक आहेत. भांडणाची खुमखुमी आहे, प्रतिस्पर्ध्याला चिरडण्याची भाषा आहे, पैशाची आणि अलंकारांची बढाई आहे, आणि स्त्रियांविषयीं जेथें तेथें हलके शब्द आहेत. ज्या घरांत मुलींना मान देण्याची शिकवण दिली जाते, त्या घरानें ह्यावर नाराज व्हावें, हें योग्यच आहे. वस्तींत असेंच बोलतात, एवढें सांगून ह्या दोषाचें परिमार्जन होत नाहीं. वस्तींतल्या आयाबहिणींनाहि तो शब्द तितकाच लागतो. किंबहुना अधिक लागतो, कारण त्यांना तो गाण्यांतच नव्हे, तर गल्लींतहि ऐकावा लागतो.

परंतु आरोप वाचून दाखविले म्हणजे सुनावणी संपली असें होत नाहीं. दुसरी बाजू ऐकावयाची असते. शिव्यांच्या त्या धुरळ्यांतून थोडा वेळ कान देऊन ऐकणारास कांहीं निराळेंहि ऐकूं येतें. पोलिसांचें भय ऐकूं येतें, मित्रांची फितुरी ऐकूं येते, आईविषयींचा जिव्हाळा ऐकूं येतो, आणि गरिबीची लाज वाटत असतांना मान ताठ ठेवण्याची धडपड ऐकूं येते. बढाई हा पुष्कळदां ह्या धडपडीचाच उलटा पोशाख असतो. ज्याच्या अंगावर आयुष्यभर दुसऱ्यांचे उतरलेले कपडे होते, तो चार पैसे येतांच गळ्यांत जाड साखळी घालतो. ती आपल्याला ओंगळ वाटते. त्याला मात्र ती पावतीसारखी वाटते.

भाषेचाहि प्रश्न आहे. हा मुलगा जी हिंदी बोलतो ती लखनौची नव्हे आणि दिल्लीचीहि नव्हे. पुण्याच्या वस्त्यांत मराठी, दखनी आणि मुंबईची बोली एकमेकींत मिसळून जी भाषा झाली आहे, ती त्याची भाषा. तिला आजवर कोणी भाषा म्हटलें नव्हतें. ‘बिघडलेली हिंदी’ असेंच म्हणत. 2023 सालच्या फेब्रुवारींत ‘बिग बॉस’ ह्या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेच्या सोळाव्या पर्वांत हाच मुलगा विजयी झाला. हा कार्यक्रम आपण पाहत नाहीं असें पुष्कळ सुशिक्षित घरें सांगतात, आणि त्यांतल्या प्रत्येक स्पर्धकाचें नांव त्यांना ठाऊक असतें! त्या दिवसांत त्याच्या तोंडचा ‘शेमडी’ हा शब्द देशभर मुलांच्या जिभेवर खेळूं लागला. आपला घरगुती ‘शेंबडा’ हा शब्द, ज्याला कोठल्याहि निबंधांत स्थान नाहीं, तो ह्या वाटेनें उत्तर हिंदुस्थानांत पोंचला. मराठीचा प्रसार व्हावा म्हणून आपण परिषदा भरवितों. येथें एका मुलानें परिषद न भरवितां एक शब्द पोंचविला. तो जरा चांगला असता तर बरें झालें असतें, हें खरें!

परंतु विजयाची माळ गळ्यांत पडल्यानंतर सुमारें महिन्याभरानें, म्हणजे मार्च 2023 मध्यें, इंदूर येथें त्याचा जलसा चालू असतांना एका संघटनेचे कार्यकर्ते रंगमंचावर चढले आणि कार्यक्रम बंद पडला. गाण्यांत अपशब्द आहेत आणि स्त्रियांची अप्रतिष्ठा आहे, हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपाचा विषय वर सांगितलाच आहे. पण तो मांडण्याची रीत पाहावी. आपल्या राज्याच्या कायद्यानें गुंडालाहि लेखी नोटीस देण्याची तजवीज केली आहे, आणि येथें एका गायकाला नोटिशीवांचून रंगमंचावरून तडीपार करण्यांत आलें. अल्बमचें नांव अशा तऱ्हेनें खरें ठरावें, ही गोष्ट समाधानाची नव्हे.

महाराष्ट्राच्या इतिहासांत हा प्रकार नवा नाहीं. सोलापूरचे रामजोशी विद्वान घराण्यांतले. तमाशाच्या नादापायीं थोरल्या भावानें त्यांना घराबाहेर काढल्याची कथा सर्वश्रुत आहे. आज त्यांच्या लावण्यांवांचून मराठी काव्याचा इतिहास पुरा होत नाहीं. रेठरें हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशांत शिरले, पवळेच्या साथीनें फडावर उभे राहिले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्याहि वांट्याला स्वजनांचा बहिष्कार आला. 1945 सालीं ते निवर्तले. पुढें स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनें तमाशावरच बंदी घातली. तेव्हां महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली, आणि वगाची संहिता आधीं तपासून घ्यावी अशा अटीवर तमाशाला पुन्हां दार उघडलें. त्या समितीचें मोठेपण असें, कीं एका विद्वान पंडितानें अगोदर विचारपूस केली आणि मग निर्णय सांगितला. आज लावणी आपल्या सांस्कृतिक समारंभांत मानानें येते. परंतु ज्यांनीं हद्दपारी सोसली, त्यांतल्या कित्येकांना हा मान पाहावयास मिळाला नाहीं.

यावरून एवढें मात्र काढूं नये, कीं जें जें आज घराबाहेर घातलें जातें तें तें उद्यां अभिजात ठरेल. रामजोशांच्या काळीं फडावर गाणारे शेंकडों होते. त्यांतले दोनचारच उरले. ‘तडीपार’ हा अल्बम पन्नास वर्षांनीं कोणी ऐकेल कीं नाहीं, हें काळ ठरवील. सुनावणी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. ऐकून घेतल्यावर दोष सिद्ध झाला तर तो तोंडावर सांगावा. पण ऐकल्यावांचून सांगितलेला दोष हा दोष राहत नाहीं. तो केवळ आपला तिटकारा असतो, आणि तरुण मुलांना ह्या दोहोंतला फरक ताबडतोब समजतो.

ह्याच साधनानें महाराष्ट्रांत दुसरेंहि काम झालें आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ नांवाच्या गायकसमूहानें 2019 सालीं आरे येथील जंगलाच्या आणि तेथल्या वारली रहिवाशांच्या बाजूनें मराठींत रॅप रचलें, आणि तेथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यांत घेतला. 2023 च्या एप्रिलमध्यें राजकीय टीका करणाऱ्या दोन मराठी रॅपगायकांवर राज्यांत गुन्हे नोंदले गेले. म्हणजे ठेका एकच असला, तरी त्यावर शिवी येते, तक्रार येते आणि प्रश्नहि येतो. ‘गोंगाट’ ह्या एका शब्दाखालीं तिन्ही एकदम बंद केलीं, तर शिवीबरोबर प्रश्नहि बाहेर जातो. आणि शिवी कोणत्या तरी वाटेनें परत येते, प्रश्न मात्र येत नाहीं.

हिंजवडीची ती गाडी एव्हांना कोथरुडांत पोंचली असेल. मुलगा घरीं आला, त्यानें कानांतलें यंत्र काढून मेजावर ठेविलें, हातपाय धुतले आणि तो पानावर बसला. वडिलांनीं विचारलें, “आज काय ऐकत होतास रे?” बहुधा तो “कांहीं नाहीं, बाबा” असेंच उत्तर देईल, कारण निकाल काय लागणार तें त्याला आधींच ठाऊक असतें. अशा वेळीं वडिलांनीं निकाल राखून ठेवावा, आणि जेवणानंतर मुलाला म्हणावें, “एक गाणें लाव पाहूं; आणि त्यांत तुला काय आवडतें तें सांग.” गाणें पुरतें ऐकावें. जेथें शब्द खटकेल तेथें तो कां खटकला, तें मुलास स्पष्ट सांगावें. आणि जेथें त्या दूरच्या मुलाचें दुःख खरें वाटेल, तेथें तेंहि मोकळेपणानें कबूल करावें. त्या घरांत त्या रात्रीं कदाचित् वाद होईल. पण तो वाद मुलगा आणि वडील एका खोलींत बसून करतील, आणि ताडीवाला रस्त्याची बाजू तेथें निदान एकदां मांडली जाईल.